चरक धुणारी रसवंती, सक्करदरा

नागपुरात उन्हाळ्यात उसाचा रस कुठे प्यावा असं कोणी विचारलं तर मी आता एकच ठिकाण सांगते. सक्करदरा तलावाकडून आत वळलं की कडुनिंबाखाली टिनाच्या शेडमध्ये एक रसवंती आहे. बोर्डावर नुसतं ‘रसवंती गृह’ लिहिलंय, म्हणून खूण सांगते. सोललेल्या उसाचा भारा ओल्या गोणपाटाखाली झाकलेला असतो आणि चरकाच्या शेजारी गॅसच्या शेगडीवर पाण्याचं मोठं पातेलं कायम वाफाळत असतं. या पातेल्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसले आहे.

चव आधी सांगून टाकते. रस गोड आहे, पण घशात बसणारा गोड नाही. ऊस ताजा असला की मागून एक हिरवट, गवती वास येतो, तो इथे येतो. आलं बेताचं, लिंबू मागितलं तर उसासोबत अख्खी फोड चरकातून काढतात, त्यामुळे सालीचा किंचित कडवटपणा उतरतो. मला तो आवडतो, नको असेल तर ‘लिंबू वरून पिळा’ म्हणायचं. काळं मीठ वेगळ्या डबीत ठेवलेलं असतं, ज्याचं त्याने घ्यावं. बर्फ रसात घालतच नाहीत. सोललेल्या कांड्या बर्फाच्या पेटीत झाकून ठेवतात आणि थंडगार कांडीच चरकात घालतात. रस पातळ होत नाही आणि बर्फाचं पाणी पोटात जात नाही.

माझी सगळी नोकरी पाणीतपासणीच्या प्रयोगशाळेत गेली. कामाचा गाभा एकच होता, जिवाणूंना साखर द्यायची आणि ते तिचं काय करतात ते बघायचं. नळीत लॅक्टोज (दुधातली साखर), पित्तक्षार आणि जांभळा रंग घातलेलं पोषक द्रव असतं, त्यात एक इवलीशी नळी उलटी बुडवलेली असते. पाण्याचा नमुना घालायचा आणि ३७ अंशांवर ठेवून द्यायचं. पाण्यात कोलीफॉर्म जिवाणू (पाणी दूषित झाल्याची खूण मानला जाणारा गट) असले तर ते लॅक्टोज खातात, आम्ल तयार होतं, जांभळं द्रव पिवळं पडतं आणि उलट्या नळीत वायूचा बुडबुडा अडकतो. ग्लुकोज दिला तर आतड्यातले बहुतेक जिवाणू तो खातात, काही उलगडा होत नाही. लॅक्टोज मोजक्यांनाच पचतो, म्हणून तो द्यायचा. कोण कुठली साखर खातं यावरून जिवाणू ओळखायची ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे, ती उलटी नळी डरहॅम यांनी १८९८ साली वापरात आणली. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या १०० मिलीलिटर पाण्यात ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू अजिबात सापडता कामा नये. रंग बदललेल्या नळ्या इतकी वर्षं बघितल्यावर उसाच्या रसाकडे मी निव्वळ पेय म्हणून बघू शकत नाही.

उसाच्या रसात साधारण १३ ते १५ टक्के साखर असते. बहुतेक सगळं सुक्रोज (आपली नेहमीची साखर), थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. म्हणजे २०० मिलीलिटरच्या ग्लासात २५ ग्रॅमच्या वर साखर. (मधुमेह असणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा, ‘नैसर्गिक आहे’ म्हणून तो कमी होत नाही.) शिवाय अमिनो आम्लं, फॉस्फेट, पोटॅशियम, आणि आंबटपणा अगदी सौम्य. जिवाणूला वाढायला जे जे लागतं ते सगळं एका जागी. नुसत्या साखरेच्या पाण्यात ते इतके फोफावत नाहीत, कारण साखरेतून ऊर्जा आणि कार्बन मिळतो, पण प्रथिनं आणि डीएनए बांधायला नायट्रोजन आणि फॉस्फरसही हवा. उलट काकवी महिनोन्‌महिने टिकते ती तिच्यात इतकी साखर असते म्हणून, की जिवाणूला हाती लागेल असं पाणीच उरत नाही. रस या दोन टोकांच्या मधोमध, जिवाणूंच्या अगदी सोयीच्या जागी बसतो.

आता चरकाकडे या. उसाच्या सालीवर, पेरांवर, कापलेल्या टोकांवर ल्युकोनोस्टॉक नावाचा गोल जिवाणू हमखास असतो. नाव अनोळखी वाटेल, पण इडलीचं पीठ फुगवणाऱ्यांत हाच पुढे असतो, तेव्हा तो काही आपला वैरी नव्हे. निरोगी माणसाला सहसा आजारीही पाडत नाही. पण सुक्रोज मिळालं की तो एक विलक्षण काम करतो. तो एक विकर (एन्झाइम) पेशीच्या बाहेर सोडतो. ते विकर सुक्रोज फोडतं, त्यातला ग्लुकोज एकाला एक जोडत लांबच लांब साखळी विणत जातं आणि फ्रुक्टोज मोकळा सोडतं. फ्रुक्टोज जिवाणू आत घेऊन ऊर्जेसाठी वापरतो. ग्लुकोजच्या साखळीला डेक्स्ट्रान म्हणतात. तो बुळबुळीत, चिकट थर होऊन पेशींभोवती साचतो आणि त्याच्या आत जिवाणू कोरडेपणापासून, धुण्यापासून, काही अंशी उष्णतेपासूनही सुरक्षित राहतात. साखर कारखान्यांना याचा फार जाच होतो, कारण ऊस तोडून पडून राहिला की डेक्स्ट्रान वाढतं, रस घट्ट होतो, नीट गाळला जात नाही, साखरेचे स्फटिकही लांबुळके येतात. आणि हेच डेक्स्ट्रान शुद्ध करून रुग्णांना सलाइनसारखं शिरेतून देतात, रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांत टिकून राहावं म्हणून. एकाच रेणूची ही दोन रूपं मला फार थोर वाटतात.

हा थर डोळ्यांनी बघायचा असेल तर कुठल्याही रसवंतीत चरकाखालच्या तबकाची तोटी बघा. माझ्या घराजवळच्या एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) मी तोटीच्या आतल्या कडेला बोट लावलं होतं. बोट काढलं तर शेंबडासारखी तार निघाली, चांगली वीतभर. वरचे रोलर चकचकीत होते, घुंगरं वाजत होती, ग्लास स्वच्छ होते आणि प्रत्येक ग्लास त्या तोटीतून वाहत येत होता. रसाला मागून आंबूस, किंचित दारूसारखा वास होता. तो ल्युकोनोस्टॉकच्या खाण्याचा वास. हा जिवाणू साखरेपासून लॅक्टिक आम्ल, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड असं तिन्ही बनवतो. सोबत यीस्ट असतंच, ते अल्कोहोलमध्ये आणखी भर घालतं.

सक्करदऱ्याची रसवंती चालवणारे भाऊ काय करतात ते मी बाजूच्या बाकावर बसून नीट बघितलं. गिऱ्हाइकं जरा ओसरली की मोटर बंद करतात, तबक उचलून काढतात, ते दोन खिट्ट्यांवर बसवलेलं आहे, पान्याची गरज पडत नाही. नारळाच्या काथ्याच्या ब्रशने आधी रोलर घासतात, दातऱ्यांच्या खाचांतून ब्रश आडवा फिरवतात. तोटीतून बारीक बाटलीचा ब्रश आरपार काढतात. मग पातेल्यातलं उकळतं पाणी लोट्याने वरून सोडतात आणि मोटर सुरू करून रोलर रिकामे फिरवतात. पाणी खाली बादलीत गढूळ पडतं, ते स्वच्छ पडेपर्यंत ओतत राहतात. मग एक कांडी काढून तिचा रस टाकून देतात. त्यानंतरच पुढचं गिऱ्हाईक.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी घासायचं, मग उकळतं पाणी. थर जागेवर असताना नुसतं गरम पाणी ओतलं तर वरवरचे मरतात, आतले वाचतात. ल्युकोनोस्टॉक बीजाणू (उष्णतेतही तगणारं कवचबंद रूप) करत नाही, त्यामुळे थर निघाला की उकळत्या पाण्यापुढे त्याचा टिकाव लागत नाही. मी भाऊंना विचारलं की हे कोणाकडून शिकलात. ते म्हणाले, “कोनाकडून नाही जी. बुळबुळ लागून राहिली हाताला, मंग रस लवकर आंबून राहिला. म्हनून आधी खरडून काढतो, मंग गरम पानी.” बोटांनी शोधलेली ही गोष्ट पुस्तकातल्या गोष्टीशी तंतोतंत जुळते.

लोकांना वाटतं भर दुपारी, नवतपात, पारा ४५ वर असताना रस सगळ्यात धोक्याचा. ल्युकोनोस्टॉकपुरतं बोलायचं तर त्याला २० ते ३० अंश मानवतात, टिनाच्या शेडखालच्या दुपारी त्याचं फारसं चालत नाही. त्याचा काळ म्हणजे रात्र, पहाट, मार्चचे दिवस आणि पहिल्या पावसानंतरची दमट हवा. म्हणून रसवंतीची खरी परीक्षा रात्री बंद करताना होते. मी मुद्दाम दुकान मिटायच्या वेळी गेले. तबक, गाळणी, जग सगळं उकळत्या पाण्यातून काढून उलटं, आडवं, हवेशीर ठेवलं होतं. कपडा झाकलेला, पण टेकलेला नाही. सुकलेल्या धातूवर साखर नसेल आणि पाणी नसेल तर सकाळपर्यंत काही वाढत नाही.

आतड्यातल्या जिवाणूंचं मात्र वेगळं आहे. त्यांना ३७ अंश आवडतात, म्हणजे नागपूरची उन्हाळी संध्याकाळ. ई. कोलायला पोषक अन्नात मनासारखं तापमान मिळालं तर २० मिनिटांत एकाचे दोन होतात, तीन तासांत एकाचे ५१२. ते उसावरून क्वचित, पाण्यातून, बर्फातून आणि हातांतून जास्त येतात. अखाद्य बर्फात निळा रंग घालायचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे, तेव्हा लादी निळसर दिसली तर तिथून उठावं. इथे बर्फ रसात पडतच नाही, म्हणून या मुद्द्याचे पूर्ण गुण.

गंमत अशी की ई. कोलायच्या बऱ्याच जातींना सुक्रोज खाताच येत नाही. त्या रसातल्या थोड्याशा ग्लुकोज-फ्रुक्टोजवर जगतात. कुठली साखर आधी, कुठली नंतर, हेही ठरलेलं असतं. पॅरिसमध्ये जाक मोनो यांनी १९४१ च्या सुमारास ई. कोलायला ग्लुकोज आणि लॅक्टोज एकत्र दिले. जिवाणू आधी नुसता ग्लुकोज संपवत होते, मग वाढ काही काळ थबकत होती आणि मग लॅक्टोजवर पुन्हा सुरू होत होती. पानात श्रीखंड असेपर्यंत पोरगं भाजीकडे बघत नाही, तसं. मधल्या थांब्यात लॅक्टोज पचवायची विकरं बनत असतात. जनुक कधी चालू आणि कधी बंद होतं हे या एका थांब्यातून उलगडत गेलं आणि १९६५ चं नोबेल मोनो, जाकोब आणि ल्वॉफ यांना मिळालं. साखर आत घ्यायची तऱ्हाही बघण्यासारखी आहे. बरेच जिवाणू ग्लुकोज आत ओढता ओढताच त्याला फॉस्फेट जोडतात. फॉस्फेट लागलेली साखर पेशीतून परत बाहेर निसटत नाही आणि वापरायला तयार असते. सोल रोझमन यांच्या प्रयोगशाळेने हे १९६४ साली शोधलं. एवढासा जीव, पण एक रेणू वाया जाऊ देत नाही.

पण मिळवलेल्या साखरेतून आंबवणाऱ्या जिवाणूला हाती काय लागतं? ग्लुकोजच्या ६ कार्बनचे ३-३ चे दोन तुकडे करायला दहा पायऱ्या आणि निव्वळ कमाई २ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन). ल्युकोनोस्टॉकची वाट वेगळी, त्याला तर एका ग्लुकोजमागे एकच. ऑक्सिजन वापरून साखर पूर्ण जाळणाऱ्यांना याच्या कितीतरी पट मिळते. बॉचॉप आणि एल्सडेन यांनी १९६० साली मोजून दाखवलं की एक मोल (रेणू मोजायचं रसायनशास्त्रातलं माप) एटीपीमागे साधारण १० ग्रॅम कोरड्या पेशी तयार होतात. म्हणजे १८० ग्रॅम (एक मोल) ग्लुकोज आंबवून २ मोल एटीपी मिळवणारा जिवाणू त्यावर जेमतेम २० ग्रॅम वाढतो. बाकीची जवळजवळ सगळी साखर आम्ल होऊन बाहेर पडते. जिवाणू अजून फार झालेले नसतानाही रस आंबट का लागतो त्याचं हे कारण. कमाई कमी, म्हणून खाणं भरमसाट. जीभ खूप लवकर इशारा देते, तिचं ऐकावं.

रंगाबद्दल मात्र गैरसमज नको. रस दहा मिनिटांत काळपट पडला तर लोक नाक मुरडतात. ते जिवाणूंचं काम नाही. उसातलंच एक विकर हवेशी मिळून तो रंग आणतं, कापलेलं सफरचंद काळं पडतं त्याच प्रकारे. लिंबाने ते मंदावतं. कापलेल्या उसाचा गाभा लालसर असेल आणि आंबट वास असेल तर ती बुरशीची, लाल कुजाची खूण असू शकते, तशी कांडी परत द्यावी. इथे तशी कांडी भाऊ स्वतःच बाजूला टाकतात, माझ्यासमोर एक टाकली.

आता खटकलेल्या गोष्टी. संध्याकाळी सात नंतर गर्दी होते आणि तेव्हा काचेचे ग्लास एकाच बादलीत बुचकळतात. चरकाला उकळतं पाणी आणि ग्लासला बादली, हे जुळत नाही. मी सांगितलं तर “नळ घेऊन राहिलो, पंधरा दिवस थांबा ना ताई” म्हणाले. तोवर कागदी कप मागावा किंवा घरून स्टीलचा ग्लास न्यावा, ते आनंदाने त्यात देतात. दुसरं, मदतीला असणारा पोरगा त्याच हाताने पैसे घेतो आणि कांडी धरतो. भाऊ स्वतः तसं करत नाहीत, पैशांसाठी डबा पुढे करतात, तेव्हा पोरालाही शिकवावं. तिसरं, चिपाडांचा ढीग शेडच्या मागे रात्रीपर्यंत पडून असतो. त्यात साखर उरलेली असतेच, दुपारनंतर तिथे गांधीलमाश्या जमतात. लहान मुलांना त्या बाजूला बसवू नका. गाडी लावायला जागा कमी आहे, चौकातच लावून चालत यावं.

भाव साधा ग्लास ३० रुपये, आजूबाजूला २० ला मिळतो. वरचे दहा रुपये गॅसचे आणि धुण्यात जाणाऱ्या वेळेचे आहेत. मी ते खुशीने देते.

मुलांना नेत असाल तर रस झाल्यावर पाणी प्यायला लावा, माठ ठेवलेला आहे. तोंडातला स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जिवाणू सुक्रोजपासून असाच चिकट थर दातांवर बनवतो आणि त्या थराखाली आम्ल सोडत राहतो. चरकाच्या तोटीत जे घडतं तेच दाढांच्या खाचांत घडतं. माझ्या नातवाला मी हे तोटी दाखवून सांगितलं, तेव्हापासून तो रस संपला की आपण होऊन चूळ भरतो.

पार्सलचं शेवटी. इथे पार्सल मागितलं की आधी “किती लांब जाऊन राहिले?” असा प्रश्न येतो. नंदनवन, रेशीमबाग म्हटलं तर देतात, वर्धा रोडच्या पलीकडचं काही सांगितलं तर नाही म्हणतात. काहींना हे उद्धट वाटतं, माझ्यासमोर एक गृहस्थ चिडून निघून गेले. मला भाऊंचं पटतं. बंद बाटलीत, डिकीच्या उष्णतेत तासभर फिरलेल्या रसाची जबाबदारी त्यांच्यावर का यावी? लांबच जायचं असेल तर घरून थर्मास न्या, आत आधी थंड पाणी फिरवून ओतून टाका आणि पेटीतल्या कांडीचा रस काढून मागा. तसं ते देतात, आणि घरी पोचल्या पोचल्या प्यायचा असं बजावतात. सोमवारी दुकान बंद असतं.